म्युगेनसाठी बॉक्सिंग रिंगचं स्टेज: आधी क्षितिज ठरवा, मग दोर ओढा

चौकोनी कॅनव्हास, चार खांब, चार दोर, मागे अंधारात प्रेक्षक. लढतीच्या खेळासाठी पहिलं स्टेज, म्हणजे लढत जिथे होते ते दृश्य, करायला बसलेल्यांना बॉक्सिंग रिंग सोपी वाटते ती यामुळेच. प्रत्यक्षात ती अवघड स्टेजपैकी एक आहे. जंगल किंवा बाजारपेठ काढताना एखादं झाड चुकीच्या वेगाने सरकलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. रिंगमध्ये मात्र सगळ्या सरळ रेषा, आणि त्या एकमेकींना ठरलेल्या ठिकाणीच भेटायला हव्यात. कॅमेरा जरा डावीउजवीकडे गेला की दोर खांबापासून सुटतो, फायटरचे पाय कॅनव्हासवर घसरतात, कोपरा वाकडा दिसतो. चित्र कितीही देखणं असलं तरी हे झाकलं जात नाही, कारण दोष चित्राचा नसून प्रत्येक तुकड्याला अंदाजाने दिलेल्या वेगाचा असतो.

हे वेग अंदाजाने न देता हिशेबाने कसे काढायचे, ते या लेखात आहे. आधार म्युगेन १.१ चा घेतला आहे. एलेकबाइट या गटाचं, लढतीचे खेळ बनवण्याचं हे मोफत इंजिन १९९९ पासून वापरात आहे, आणि त्याची स्टेज फाइल मुक्तस्रोत इकेमेन गो या इंजिनातही चालते. इकेमेन गोमध्ये त्रिमितीय मॉडेलचं स्टेजही करता येतं, पण तो वेगळा विषय आहे. इथे सपाट चित्रांचीच रिंग उभी करायची आहे.

सामान फार लागत नाही: गिम्प किंवा क्रिटासारखं चित्राचं सॉफ्टवेअर, साधा टेक्स्ट एडिटर आणि चित्रं एका फाइलमध्ये बांधण्यासाठी फायटर फॅक्टरी ३. स्टेज म्हणजे दोनच फाइली. 'डेफ' फाइलमध्ये मजकुरात सगळ्या सूचना असतात आणि 'एसएफएफ' फाइलमध्ये चित्रं. एक सूचना आधीच देतो: या लेखात सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, पण फाइलमध्ये नावं आणि आकडे दोन्ही रोमन लिपीतच लिहावे लागतात. इंजिनसोबत येणारी नमुना स्टेजची डेफ फाइल शेजारी उघडी ठेवा. इथलं प्रत्येक नाव त्यात किंवा इंजिनच्या मदत-फाइलींमध्ये सापडेल.

खरी रिंग किती मोठी असते

हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोरांच्या आतली बाजू ६.१० मीटर असते. दोरांच्या बाहेर चारही अंगांना ८५ सेंटिमीटर कॅनव्हास असतो, म्हणून चौथरा ७.८० मीटरचा होतो. चौथऱ्याची उंची साधारण १ मीटर. प्रत्येक बाजूला चार दोर, कॅनव्हासपासून ४०, ७०, १०० आणि १३० सेंटिमीटरवर, प्रत्येकाची जाडी ४ सेंटिमीटर. दोर एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून दर बाजूला दोन ठिकाणी ३-४ सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या बांधतात. व्यावसायिक लढतींत बाजूची लांबी कमीजास्त असते, पण हौशी नियमांचे आकडे ठाम असल्यामुळे चित्रासाठी तेच सोयीचे.

नवख्या स्टेजमध्ये हमखास चुकतात ते दोर. कुणी तीनच काढतं, कुणी सगळ्यांत वरचा दोर फायटरच्या डोक्याइतका उंच नेतं. १३० सेंटिमीटर म्हणजे १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची जेमतेम छाती. हे एवढं जुळलं तरी रिंग निम्मी खरी वाटू लागते.

मीटरचे पिक्सेल

स्टेजची चौकट १२८० × ७२० धरू. म्युगेनचा नमुना फायटर कुंग फू मॅन या चौकटीत साधारण ४०० पिक्सेल उंच दिसतो. तो १७५ सेंटिमीटरचा मानला तर एका मीटरला साधारण २३० पिक्सेल येतात. हे माप फायटर ज्या रेषेवर उभे राहतात त्या रेषेवरचं. ती रेषा वरून ६०० पिक्सेलवर ठेवू, म्हणजे फाइलमध्ये झेडऑफसेट ६००. पाय ६०० वर, डोकं २०० वर.

आता क्षितिज. पाहणाऱ्याचा डोळा फायटरच्या डोक्याच्या उंचीवर ठेवला तर क्षितिजरेषाही २०० वरच येते. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे. क्षितिज २०० वर आणि पायांची रेषा ६०० वर असली की कॅनव्हासच्या कुठल्याही आडव्या ओळीचा वेग असा निघतो:

डेल्टा = (ओळीची उंची − २००) ÷ ४००

ओळीची उंची म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेपासून खाली मोजलेले पिक्सेल. डेल्टा म्हणजे कॅमेरा एक पिक्सेल सरकल्यावर तो तुकडा किती पिक्सेल सरकतो. पायांच्या रेषेवर तो नेमका १ येतो, आणि तसाच यायला हवा, नाहीतर पाय घसरतात. मागच्या दोरांची रेषा ५२० वर धरली तर तिथे डेल्टा ०.८. पुढच्या दोरांची रेषा ७०० वर, तिथे १.२५. तोच आकडा वस्तूंच्या आकारालाही लागतो: मागच्या दोरांजवळ प्रत्येक गोष्ट ०.८ पट दिसेल, पुढच्या दोरांजवळ १.२५ पट. वेग आणि आकार एकाच आकड्यावरून आले की दृष्टिभ्रम आपोआप जुळतो.

तुमच्या फायटरची उंची वेगळी असेल तर आकडे बदला, पण पद्धत हीच ठेवा.

रुंदी आणि कॅमेऱ्याच्या हद्दी

६.१० मीटरला २३० ने गुणलं तर पायांच्या रेषेवर रिंग १४०० पिक्सेल रुंद येते. पडदाच १२८० चा आहे. म्हणजे कॅमेरा जवळजवळ हलणारच नाही आणि मागे हटायला जागा उरणार नाही. इथे खोटं बोलावंच लागतं. रुंदी २००० पिक्सेल करा, साधारण ८.७ मीटर. खोली मात्र खरी ठेवा. पडद्यावर रिंग थोडी लांबट होते, पण एका बाजूने पाहताना ते खटकत नाही.

मधल्या बिंदूपासून दोर आता दोन्हीकडे १००० वर आहेत. खालच्या यादीत बाऊंड म्हणजे कॅमेऱ्याच्या हद्दी, टेन्शन म्हणजे फायटर कडेच्या किती जवळ आला की कॅमेरा सरकतो ते, व्हर्टिकलफॉलो म्हणजे उडीसोबत कॅमेरा किती वर जातो ते, स्क्रीनलेफ्ट-स्क्रीनराइट म्हणजे फायटर कडेपासून किती अंतरावर अडतो ते, स्टार्टएक्स म्हणजे फायटरची सुरुवातीची जागा आणि लोकलकोऑर्ड म्हणजे चौकट. आकडे असे:

बाऊंडलेफ्ट = −४००
बाऊंडराइट = ४००
बाऊंडहाय = −१२०
बाऊंडलो = ०
टेन्शन = २००
व्हर्टिकलफॉलो = ०.२
स्क्रीनलेफ्ट = १००
स्क्रीनराइट = १००
पी१स्टार्टएक्स = −२८०
पी२स्टार्टएक्स = २८०
लोकलकोऑर्ड = १२८०, ७२०
झेडऑफसेट = ६००

कॅमेरा उजवीकडे ४०० वर थांबला की पायांच्या रेषेवरचा दोर पडद्याच्या मध्यापासून ६०० वर दिसतो. पडद्याची कड ६४० वर. स्क्रीनराइट १०० असल्यामुळे फायटरचा मधला अक्ष ५४० वर अडतो. दोर आणि अक्ष यांत ६० पिक्सेल उरले, म्हणजे खांदा दोराला टेकतो. स्क्रीनराइट नमुन्याप्रमाणे ६० च्या आसपास सोडलं तर फायटर दोरात घुसलेला दिसतो. २०० केलं तर दोरापासून हातभर अंतरावर तो अदृश्य भिंतीला अडतो, आणि खेळणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात कळतं.

झूमइन आणि झूमआउट सुरुवातीला दोन्ही १ ठेवा. झूम सुरू केलं की पडद्यावर जास्त रुंदी दिसते आणि कडांची सगळी गणितं पुन्हा करावी लागतात.

कॅनव्हास

मागे दोरांच्या पलीकडे ८५ सेंटिमीटर कॅनव्हास आहे. दूर असल्यामुळे त्याची पट्टी फक्त १५ पिक्सेलची होते, ५०५ ते ५२०. ती गाळू नका. तिच्यामुळेच दोर हवेत न लटकता चौथऱ्यावर उभे वाटतात. पुढच्या बाजूची तीच पट्टी हिशेबाने ७४२ पर्यंत जाते, म्हणजे पडद्याबाहेर. त्यामुळे चौथऱ्याची पुढची झालर, तिच्यावरच्या जाहिराती, पायऱ्या यातलं काहीच काढावं लागत नाही.

चित्र तरीही ७२० वर संपवू नका, ७५० पर्यंत न्या. जोरदार फटक्यावर काही फायटर पडदा हादरवतात आणि तेवढ्या क्षणी खालची रिकामी पट्टी दिसते.

म्हणजे कॅनव्हासचा तुकडा ५०५ ते ७५०, उंची २४५ पिक्सेल. आकार समलंब. पायांच्या रेषेवर दोर १००० वर आणि बाहेरचा कॅनव्हास आणखी १९५, मिळून निम्मी रुंदी ११९५. वरच्या ओळीचा डेल्टा ०.७६२५, म्हणून वरची पूर्ण रुंदी १८२२. खालच्या ओळीचा १.३७५, म्हणून खालची ३२८६. आधी रिंग वरून पाहिल्यासारखी सपाट काढा, २३९० × १८२० पिक्सेलची. मग गिम्पच्या पर्स्पेक्टिव्ह साधनाने तिचे चार कोपरे या समलंबाच्या कोपऱ्यांवर आणून बसवा. खोलीचा आकसही त्यातच बरोबर येतो. हाताने तिरप्या रेषा मारत बसलात तर कॅनव्हासच्या मधलं गोल चिन्ह कधीच नीट चपटं होणार नाही.

फाइलमध्ये या तुकड्याचा टाइप पॅरॅलॅक्स. स्टार्ट ०, ५०५. डेल्टा ०.७६२५, १ (पहिला आकडा आडव्या दिशेचा, दुसरा उभ्या). विड्थ १८२२, ३२८६. इंजिन वरच्या ओळीला दिलेला डेल्टा लावतं आणि खाली येताना रुंदीच्या गुणोत्तराने तो वाढवत नेतं. १८२२ ला ३२८६ पर्यंत नेणारं गुणोत्तर १.८०३, आणि ०.७६२५ ला १.३७५ पर्यंत नेणारंही तेच. ही दोन जुळली नाहीत तर पायांच्या रेषेवरचा वेग १ येत नाही. 'पाय घसरतात' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

चित्राचा अक्ष, म्हणजे ज्या बिंदूवरून इंजिन चित्र जागेवर बसवतं तो, वरच्या कडेच्या मध्यावर ठेवायचा. स्टार्टचे आकडे पडद्याच्या वरच्या कडेच्या मध्यापासून मोजले जातात. अक्ष डाव्या कोपऱ्यात राहिला तर अख्खा कॅनव्हास उजवीकडे पळालेला दिसतो.

कोरा, एकरंगी कॅनव्हास ठेवू नका. त्यावर पोत, बुटांचे ओरखडे, शिवणीची रेघ, मध्यभागी चिन्ह असं काहीतरी हवं, नाहीतर जमीन सरकते आहे हे डोळ्याला समजतच नाही आणि एवढा हिशेब वाया जातो. चिन्हात खऱ्या कंपनीचा लोगो टाळा. स्टेज लोकांना वाटायचं असेल तर मनाने केलेलं नाव बरं.

मागचे आणि बाजूचे दोर

मागचे दोर सोपे. सगळे एकाच खोलीवर, म्हणून टाइप नॉर्मल आणि डेल्टा ०.८, १. ५२० च्या रेषेपासून वर मोजून ते ४४६, ३९१, ३३६ आणि २८१ वर येतात. लांबी १६००, जाडी ७ पिक्सेल. दोन उभ्या पट्ट्या, कोपऱ्याचे दोन खांब आणि त्यांच्या गाद्या या सगळ्यांसह हे एकच चित्र करा. खांब वेगळा तुकडा ठेवला तर अपूर्णांकातला वेग पूर्ण पिक्सेलला बसताना खांब आणि दोर यांत अधूनमधून एका पिक्सेलचा थरकाप दिसू शकतो.

खरी कसोटी बाजूच्या दोरांची. ते मागच्या कोपऱ्यातून पुढे येतात, म्हणजे एका टोकाचा वेग ०.८ आणि दुसऱ्याचा १.२५. साहजिकच कुणीही चारही दोर एका चित्रात काढून त्याला पॅरॅलॅक्स टाइप देतं. तिथेच फसतं. पॅरॅलॅक्स चित्राला ओळीओळीने सरकवतं, आणि कुठली ओळ किती सरकायची ते फक्त तिच्या उंचीवरून ठरवतं. वरच्या दोराचं पुढचं टोक ३२६ वर आहे आणि दुसऱ्या दोराचं मागचं टोक ३३६ वर. दोन्ही जवळपास एकाच उंचीवर, पण एकाला १.२५ चा वेग हवा आणि दुसऱ्याला ०.८ चा. एका चित्रात हे शक्य नाही.

म्हणून प्रत्येक दोर वेगळा तुकडा:

१३० सेंटिमीटरचा दोर: २८१ ते ३२६, उंची ४५
१०० सेंटिमीटरचा: ३३६ ते ४१२, उंची ७६
७० सेंटिमीटरचा: ३९१ ते ४९९, उंची १०८
४० सेंटिमीटरचा: ४४६ ते ५८५, उंची १३९

चौघांनाही टाइप पॅरॅलॅक्स, डेल्टा ०.८, १ आणि विड्थ १६००, २५००. डावा आणि उजवा दोर एकाच रुंद चित्रात काढता येतो, मध्ये सगळं पारदर्शक. चित्रात दोर मध्यापासून ८०० वर सुरू होतो आणि १२५० वर संपतो. जाडी मागे ७, पुढे ११-१२ पिक्सेल. दोराची टोकं चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडेला सपाट कापा. जाडीसाठी वरखाली जास्तीच्या ओळी जोडल्या तर चित्राची उंची बदलते आणि वेगाचं वाटप बिघडतं.

सगळ्यांत वरचा दोर जवळजवळ आडवा असल्यामुळे कॅमेरा कडेला गेला की त्याच्या कडा थोड्या दातेरी होतात. कडांना एका पिक्सेलची अर्धपारदर्शक किनार दिली की पुष्कळ फरक पडतो. पूर्ण जात नाही.

पुढचे कोपरे १२५० वर आहेत आणि त्यांचा वेग १.२५. कॅमेरा टोकाला असतानाही ते मध्यापासून ७५० वर राहतात, म्हणजे पडद्याबाहेरच. पुढचे खांब काढायचे कष्ट वाचले.

पुढचे दोर: काढायचे की नाही

हिशेबाने पुढचे दोर ५८५, ४९९, ४१२ आणि ३२६ वर येतात. फायटर २०० ते ६०० मध्ये. म्हणजे घोट्यापासून छातीपर्यंत चार आडव्या पट्ट्या, आणि खाली बसलेला फायटर जवळपास पूर्ण त्यांच्या मागे. लढतीच्या खेळात हालचालीची पहिली चाहूल पायाच्या नाहीतर खांद्याच्या जराशा हलण्यावरून लागते. तीच झाकली तर स्टेज सुंदर असूनही कुणी निवडणार नाही. ही अडचण जुनीच आहे. १९८४ च्या आर्केड 'पंच-आउट'मध्ये निन्टेन्डोने खेळणाऱ्याचा बॉक्सर चक्क हिरव्या तारांच्या सांगाड्यासारखा पारदर्शक दाखवला होता, समोरचा प्रतिस्पर्धी दिसावा म्हणून.

पर्याय तीन. पुढचे दोर अजिबात न काढणं. चारही काढून ते अर्धपारदर्शक करणं, म्हणजे ट्रान्स अ‍ॅडअल्फा करणं आणि अल्फा ६४, १९२ च्या आसपास ठेवणं. किंवा फक्त सगळ्यांत खालचा दोर काढणं. पहिला सुरक्षित. दुसरा स्थिर चित्रात छान दिसतो आणि खेळताना चिडचिड करतो, कारण फटक्यांच्या ठिणग्याही त्या धुरकट पट्ट्यांच्या मागे जातात. आमचा कौल तिसऱ्याला. ५८५ वरचा एक दोर, जाडी ११, लांबी २५००, डेल्टा १.२५, १ आणि लेयरनो १. लेयरनो १ म्हणजे फायटरच्या पुढे. तो घोट्यावरून जातो, काही झाकत नाही, पण खोली लगेच जाणवते. स्पर्धेच्या सरावासाठी स्टेज असेल तर तोही नको.

बाजूच्या दोरांचा पुढचा निम्मा भाग काटेकोरपणे फायटरच्या पुढे यायला हवा. पण फायटर ५४० वरच थांबतो आणि तो भाग ६०० च्या पलीकडे जातो, त्यामुळे सगळे बाजूचे दोर लेयरनो ० वर ठेवले तरी चालतं.

लाल कोपरा कुठे

लाल आणि निळा कोपरा समोरासमोर, तिरक्या रेषेत असतात. उरलेले दोन पांढरे. आपल्या स्टेजमध्ये मागचे दोनच कोपरे दिसतात आणि ते शेजारचे आहेत, म्हणून डावीकडे लाल आणि उजवीकडे निळा असं दोन्ही मिळणं शक्यच नाही. बऱ्याच स्टेजमध्ये तसं केलेलं असतं आणि बॉक्सिंग पाहणाऱ्याला ते लगेच खुपतं. मागचा डावा लाल, मागचा उजवा पांढरा ठेवा. निळा मग पुढच्या उजव्या कोपऱ्यात, पडद्याबाहेर, दुसऱ्या खेळणाऱ्याच्या बाजूलाच येतो. नियमांतली मांडणी आडव्या बाजूने पाहिली की अशीच दिसते. निळा दिसायलाच हवा असेल तर दुसऱ्या खेळणाऱ्याच्या मागे प्रेक्षकांत एखादा निळा फलक लावा.

प्रेक्षक आणि दिवे

प्रेक्षक कॅनव्हासपेक्षा १ मीटर खाली बसलेले आहेत. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण १.२ मीटरवर, म्हणजे कॅनव्हासपासून जेमतेम २० सेंटिमीटर वर. डोळा १.७५ मीटरवर असल्यामुळे त्याचं डोकं पडद्यावर २०० + (३५६ × डेल्टा) इथे येतं. रिंगला लागून टेबलाशी बसलेले पंच ०.७ वर धरले तर डोकी ४४९ वर. कॅनव्हासची मागची कड ५०५ वर आहे, म्हणजे डोकी आणि खांदेच दिसतील. पाय, खुर्च्या, टेबलाचे पाय काढू नका. त्यामागची रांग ०.५ वर, डोकी ३७८ वर. त्यामागे ०.३ वर ३०७. सभागृहाची भिंत ०.१५ वर.

प्रत्येक थराची लागणारी रुंदी म्हणजे १२८० + (८०० × डेल्टा). भिंतीला १४००, दूरच्या रांगेला १५२०, मधल्या रांगेला १६८०, पंचांच्या टेबलाला १८४०. यापेक्षा मोठं काढण्यात अर्थ नाही.

उभ्या दिशेचा डेल्टा रिंगच्या सगळ्या भागांना १ द्या. कॅनव्हास, खांब आणि दोर यांना वेगवेगळा दिलात तर उडी मारताच दोर खांबावर वरखाली होतात. प्रेक्षकांना ०.६ चालेल. मात्र कॅमेरा १२० वर गेला की रिंग १२० खाली येते आणि प्रेक्षक फक्त ७२. मधल्या ४८ पिक्सेलच्या फटीसाठी प्रेक्षकांचं चित्र कॅनव्हासच्या मागे निदान ५७० पर्यंत उतरवा. वरच्या बाजूलाही चित्र ० वर न संपवता ७५ पिक्सेल आणखी वर न्या.

रिंगवर टांगलेला दिव्यांचा सांगाडा या चौकटीत बसत नाही. तो ५ मीटरवर धरला तर ०.८ च्या खोलीवर ३९८ पिक्सेल पडद्याच्या वर जातो. दिवे दाखवायचे तर सभागृहाच्या मागच्या भागात, ०.१५ वर, ६ मीटर उंचीवर दाखवा. ते पडद्यावर ५३ च्या आसपास येतात. पण तिथे जीवनपट्ट्याही असतात, म्हणून मध्यात दाटी करू नका. प्रकाशाचे झोत वेगळ्या चित्रात, ट्रान्स अ‍ॅड करून, म्हणजे त्यांचा रंग मागच्या चित्रात मिळवून. झोत काळ्या पार्श्वभूमीवर काढायचे. अ‍ॅडमध्ये काळा रंग आपोआप नाहीसा होतो.

प्रेक्षकांची सगळी गर्दी हलवू नका. दहा-पंधरा जण पुरेत. अ‍ॅनिमेशनचा वेळ टिकमध्ये मोजतात, सेकंदाला ६०. एका गटाचं चक्र ३७ टिकांचं, दुसऱ्याचं ५३ चं, तिसऱ्याचं ७१ चं ठेवा. एकमेकांना भाग न जाणारे आकडे घेतले की ते सगळे एकदम हात वर करताना फारच क्वचित दिसतात. कॅमेऱ्याचे फ्लॅश २ टिकांचे, मग दोन-तीनशे टिकांची विश्रांती. त्याहून जास्त चमकले तर डोळा लढतीवरून उडतो.

रंगांचं एकच तत्त्व सांभाळा: फायटरच्या मागे जे आहे ते त्याच्याहून फिकट किंवा गडद हवं, त्याच्याइतकं रंगीत नको. चकचकीत निळ्या कॅनव्हासवर निळ्या पोशाखाचा फायटर हरवतो. निळ्यात थोडा करडा मिसळा. खेळाचा स्क्रीनशॉट कृष्णधवल करून पाहा. फायटरची बाह्यरेषा तिथे तुटत असेल तर रंगीत असतानाही घाईत ती नीट दिसत नाही.

सावली

डोक्यावरच्या दिव्यांत सावली आखूड आणि पायाशी असते. शॅडो विभागात इंटेन्सिटी (गडदपणा) ९० ते ११०, वायस्केल (सावलीची लांबी) ०.१५ च्या आसपास. मूळ ०.४ ठेवलं तर सावली संध्याकाळच्या उन्हासारखी लांब पडते. रिफ्लेक्शन ०. कॅनव्हास हे कापड आहे, फरशी नाही.

बांधणी आणि तपासणी

फायटर फॅक्टरीत एसएफएफ २.०१ हा प्रकार निवडा. त्यात पारदर्शकतेसह पूर्ण रंगांची पीएनजी चालते. म्युगेन १.० साठी करायचं असेल तर प्रत्येक चित्र २५६ रंगांत आणावं लागतं, मास्क १ (चित्रातला एक रंग पूर्ण पारदर्शक) द्यावं लागतं आणि मऊ कडा विसराव्या लागतात.

फाइलमध्ये जो तुकडा आधी, तो मागे. क्रम असा: भिंत, दिवे आणि झोत, दूरचे प्रेक्षक, मधले प्रेक्षक, पंचांचं टेबल, कॅनव्हास, मागचे खांब-दोर, बाजूचे चार दोर, शेवटी पुढचा दोर. झोत कॅनव्हासनंतर आला तर रिंगवर पांढुरका पडदा चढतो. काहींना तो आवडतो, पण मग कॅनव्हासचा रंग आधीच गडद धरावा लागतो.

मग सिलेक्ट फाइलच्या एक्स्ट्रास्टेजेस विभागात स्टेजचा मार्ग लिहा आणि बीजीडेफ विभागात डीबगबीजी १ करा. आता जिथे चित्र नाही तिथे भडक गुलाबी रंग दिसेल. फायटर डाव्या टोकाला न्या, उजव्या टोकाला न्या, प्रत्येक टोकाला उंच उडी मारा. गुलाबी दिसलं की कुठला थर कमी पडला ते रुंदीच्या सूत्राने शोधा. बदल केल्यावर खेळ बंद करण्याची गरज नाही. शिफ्ट आणि एफ४ दाबलं की स्टेज पुन्हा वाचलं जातं.

पाय घसरतात का ते पाहण्यासाठी एक फायटर कॅनव्हासवरच्या ठळक खुणेवर उभा करा आणि दुसऱ्याला पाठीमागे चालवत कॅमेरा सरकवा. उभ्या फायटरचे पाय खुणेला चिकटून राहायला हवेत. खूण पायाखालून निसटत असेल तर विड्थचं गुणोत्तर किंवा झेडऑफसेट चुकलं आहे. पाय आणि खूण जुळतात पण दोर मागच्या कोपऱ्यातून सुटतो, असं असेल तर दोराच्या चित्राची उंची तपासा. बहुधा तिथे एखाददोन रिकाम्या ओळी राहिलेल्या असतात. सगळं स्थिर असताना बरोबर आणि उडी मारल्यावर बिघडत असेल, तर रिंगच्या कुठल्यातरी तुकड्याचा उभा डेल्टा १ नाही.

एक मर्यादा शेवटी सांगायला हवी. फायटर आदळल्यावर दोर ताणला जावा असं सगळ्यांनाच वाटतं. म्युगेनच्या स्टेज फाइलमधल्या सूचना फक्त वेळेवर चालतात, लढतीत काय घडलं हे त्यांना समजत नाही. त्यामुळे हे नुसत्या स्टेजने होत नाही. इकेमेन गोमध्ये फायटरच्या बाजूने पार्श्वभूमीच्या सूचना बदलण्याची सोय आहे, पण मग स्टेजसोबत फायटरच्या किंवा सामायिक कोडमध्येही हात घालावा लागतो. डीबगबीजी पुन्हा ० करूनच स्टेज लोकांना द्या.